घरच्या घरी प्रक्षेपण : मीडिया सर्व्हरची तीन सॉफ्टवेअरे आणि त्यांची निवड

१ ऑगस्ट १९७५ रोजी भारतात एका अभिनव प्रयोगास प्रारंभ झाला. एटीएस-६ या अमेरिकी उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम थेट पोहोचविण्यात आले. तत्कालीन मध्य प्रदेश हे त्यांपैकी एक राज्य होते. रायपूर भागातील ती खेडी आज छत्तीसगडमध्ये मोडतात. तारेच्या जाळीची सुमारे दहा फूट व्यासाची तबकडी आणि तिला जोडलेला एक संच यांच्यासमोर सारे गाव जमत असे. सकाळी शाळेतील मुलांसाठी आणि सायंकाळी प्रौढांसाठी कार्यक्रम दाखविले जात. ३१ जुलै १९७६ रोजी प्रयोगाची मुदत संपली, उपग्रह अन्यत्र वळविण्यात आला आणि आकाशातून येणारे ते कार्यक्रम थांबले.

या प्रयोगाने पुष्कळ गोष्टी शिकविल्या. त्यांतील एक अशी की, प्रक्षेपणाची किल्ली ज्याच्या हाती असते, त्याच्या इच्छेवर ते चालू राहणे वा बंद पडणे अवलंबून असते. आज पन्नास वर्षांनंतर प्रत्येक घराला व प्रत्येक शाळेला स्वतःचे छोटे प्रक्षेपण केंद्र उभारता येते. त्यासाठी लागणाऱ्या सॉफ्टवेअरांची तुलना करताना हीच किल्ली कोणाच्या हाती आहे, हे मुख्यतः पाहावयाचे असते. प्रस्तुत लेखाचा हेतू तोच आहे.

जतन करण्यासारखे काय आहे?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली, नवा मध्य प्रदेश अस्तित्वात आला आणि भोपाळ ही त्याची राजधानी ठरली. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. तेथील अनेक कर्मचारी आपली बिऱ्हाडे घेऊन भोपाळला आले. पुढे हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना उभा राहिला आणि पिपलानी, बरखेडा या वसाहतींत आणखी मराठी कुटुंबे स्थिरावली. त्या पिढीने घरात मराठी जपली. तिसऱ्या पिढीतील मुले आजीशी मराठीत बोलतात, परंतु आपापसांत हिंदी बोलतात. अशा घरांत आजीच्या ओव्या, आजोबांचे कीर्तन, गणेशोत्सवातील नाटुकले, मंगळागौरीची गाणी यांच्या ध्वनिफिती व चित्रफिती कपाटाच्या वरच्या कप्प्यात पडून असतात. बैतूल, पांढुर्णा, बऱ्हाणपूर या जिल्ह्यांतील मराठी खेड्यांतही असा ठेवा आहे.

हा ठेवा दिवसेंदिवस क्षीण होत आहे. चुंबकीय फितीस दमट हवेत बुरशी लागते आणि वर्षानुवर्षे गुंडाळून राहिलेली फीत चिकटते. फीत शाबूत असली तरी ती वाजविणारे यंत्र मिळेनासे झाले आहे. जगात व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर बनविणारी अखेरची ज्ञात कंपनी म्हणजे जपानची फुनाई. तिनेही जुलै २०१६ च्या अखेरीस उत्पादन थांबविले. सबब, फितींचे संगणकीय रूपांतर करून घेण्याचे काम पुढे ढकलण्यासारखे राहिलेले नाही.

रूपांतरित फाइलींना जागा फारशी लागत नाही. साठ मिनिटांची एक ध्वनिफीत साधारण दर्जाच्या एमपी-३ स्वरूपात सुमारे ५८ एमबी जागा घेते. म्हणजे अशा शंभर फिती ६ जीबीत मावतात. चित्रफितीसाठी सेकंदाला ४ मेगाबिट हा वेग धरल्यास तासाला १.८ जीबी लागतात. या हिशेबाने १ टीबीच्या हार्ड डिस्कवर साडेपाचशे तासांचे चित्रण राहते. एका कुटुंबाला, किंबहुना एका शाळेलाही, एवढे पुरेसे आहे.

मीडिया सर्व्हर म्हणजे काय?

घरातील एखादा संगणक सतत चालू ठेवून त्यावर सर्व ध्वनिमुद्रणे व चित्रणे साठवावयाची आणि घरातील दूरचित्रवाणी संच, मोबाईल वा दुसरा संगणक यांनी वाय-फायवरून ती मागवून पाहावयाची, अशी ही व्यवस्था होय. साठवणाऱ्या संगणकास सर्व्हर म्हणतात. ग्रंथपाल पुस्तकांची सूची ठेवतो, मागेल त्यास पुस्तक काढून देतो आणि कोणी कोठपर्यंत वाचले याची खूण राखतो; सर्व्हरवरील सॉफ्टवेअर नेमके तेच काम करते. घरातल्या घरात हे चालण्यास इंटरनेटची गरज नसते. राउटर चालू असला की पुरे.

यासाठी नवा, महाग संगणक घेण्याची आवश्यकता नाही. पाच-सात वर्षांपूर्वीचा सुस्थितीतील संगणकही चालतो. १५ वॅट वीज घेणारा छोटा संगणक अहोरात्र चालविला तर महिन्याला सुमारे ११ युनिट वीज लागते.

एक तांत्रिक मुद्दा मात्र समजून घेतला पाहिजे. साठविलेली फाइल ज्या स्वरूपात आहे, ते स्वरूप पाहणाऱ्या संचास समजत असेल तर सर्व्हर ती जशीच्या तशी पाठवितो. त्यास फारसे श्रम पडत नाहीत. संचास ते स्वरूप समजत नसेल, तर सर्व्हरला चालू असतानाच रूपांतर करून पाठवावे लागते. या कामात जुना संगणक थकतो आणि चित्र अडखळू लागते. म्हणून फितींचे रूपांतर करवून घेतानाच चित्रणे एमपी-४ फाइलीत, एच-२६४ या प्रचलित पद्धतीने करून घ्यावीत. ती बहुतेक सर्व संचांवर थेट चालतात.

प्लेक्स

या क्षेत्रात सर्वांत परिचित नाव प्लेक्स हे आहे. एक्सबीएमसी या मुक्त सॉफ्टवेअरची मॅक संगणकासाठी आवृत्ती तयार करण्याच्या प्रयत्नातून २००८ च्या सुमारास ते उदयास आले. आज ते एका अमेरिकी कंपनीच्या मालकीचे आहे आणि त्याच्या सर्व्हरची मूळ संहिता खुली नाही. मांडणी सुबक, उभारणी सुलभ आणि जवळजवळ प्रत्येक कंपनीच्या दूरचित्रवाणी संचावर त्याचे ॲप उपलब्ध, हे त्याचे गुण होत. घरातील वयस्कर मंडळींना ते लवकर अंगवळणी पडते.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. प्लेक्स वापरण्यासाठी कंपनीकडे खाते उघडावे लागते आणि घरच्या सर्व्हरमध्ये प्रवेश करतानाही ओळख कंपनीच्या यंत्रणेकडून पटविली जाते. इंटरनेट खंडित झाल्यास, आधीच तशी तरतूद करून ठेवली नसेल तर, स्वतःच्याच घरातील चित्रणे पाहण्यास अडचण येऊ शकते. ऑगस्ट २०२२ व सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीच्या यंत्रणेत अनधिकृत प्रवेश झाल्याने ग्राहकांना पासवर्ड बदलण्याची सूचना द्यावी लागली. २९ एप्रिल २०२५ पासून घराबाहेरून, म्हणजे परगावाहून वा परदेशातून, आपली चित्रणे पाहण्याची सोय सशुल्क झाली. त्याच दिवशी आजीव वर्गणीही सुमारे १२० डॉलरांवरून सुमारे २५० डॉलरांवर गेली. नियम बदलण्याचा अधिकार कंपनीचा आहे आणि तिने तो वापरला, एवढेच येथे नमूद करावयाचे.

एम्बी

एम्बीचे आरंभीचे नाव मीडिया ब्राउझर असे होते. खाते बाहेरच्या कंपनीकडे उघडण्याची सक्ती यात नाही. वापरकर्त्यांची नावे व पासवर्ड आपल्याच सर्व्हरवर राहतात. मुलांसाठी वेगळी मर्यादा घालणे, कोणास काय दिसावे हे ठरविणे इत्यादी सोयी चांगल्या आहेत. तथापि ग्राफिक्स यंत्रणेच्या मदतीने वेगाने रूपांतर करणे यांसारख्या काही सोयींसाठी वर्गणी भरावी लागते. पूर्वी याची संहिता मोठ्या प्रमाणावर खुली होती. डिसेंबर २०१८ मध्ये ती बंद करण्याचा निर्णय झाला.

जेलीफिन

त्याच निर्णयातून जेलीफिनचा जन्म झाला. एम्बीची अखेरची खुली संहिता घेऊन स्वयंसेवकांनी डिसेंबर २०१८ मध्येच स्वतंत्र मार्ग धरला. जेलीफिन हे जीपीएल परवान्याखालील मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्यातील कोणत्याही सोयीस शुल्क नाही, बाहेरचे खाते नाही आणि आपण काय पाहतो याची नोंद ठेवणारी कोणतीही कंपनी पाठीमागे नाही. इंटरनेट नसलेल्या खेड्यातील शाळेतही ते विनाअडथळा चालते. त्याच्या पडद्यावरील शब्दांचे भाषांतर स्वयंसेवक करीत असतात. त्यात मराठीही आहे. सर्व मजकूर अद्याप मराठीत आलेला नसला, तरी हे काम शिक्षक व विद्यार्थ्यांना हातभार लावण्यासारखे आहे.

उणिवाही सांगावयास हव्यात. काही कंपन्यांच्या दूरचित्रवाणी संचांवर त्याचे ॲप सहज सापडत नाही. अशा वेळी संचास छोटे अँड्रॉइड उपकरण जोडावे लागते. काही बिघडल्यास दूरध्वनी करून विचारावे असे कार्यालय नाही; माहिती वाचून मार्ग आपणच शोधावा लागतो. घराबाहेरून पाहण्याची व्यवस्थाही स्वतः करावी लागते. आपल्याकडील पुष्कळ घरगुती इंटरनेट जोडण्यांत एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे बाहेरून थेट घरच्या सर्व्हरपर्यंत पोहोचता येत नाही. यावर व्हीपीएन हा सुरक्षित उपाय आहे. सर्व्हर उघडपणे इंटरनेटवर ठेवणे मात्र टाळावे.

निवड कशी करावी?

घरात तांत्रिक माहिती असलेले कोणी नाही, मुले परदेशी आहेत आणि वर्गणी भरण्याची तयारी आहे, अशा कुटुंबास प्लेक्स सोयीचे पडेल. बाहेरचे खाते नको, परंतु पाठीशी एखादी कंपनी असावी असे ज्यांना वाटते, त्यांनी एम्बीचा विचार करावा. शाळा, ग्रामपंचायतीचे वाचनालय, मराठी मंडळ यांसारख्या संस्थांना जेलीफिन अधिक उचित ठरेल. संस्थेचा निधी आज असतो, उद्या नसतो. वर्गणी थांबली म्हणून संग्रह पाहता येऊ नये, अशी वेळ तेथे येता कामा नये.

तिन्ही सॉफ्टवेअरे विंडोज व लिनक्स या दोहोंवर चालतात आणि मूळ फाइलींना हात न लावता त्यांची सूची वेगळी ठेवतात. त्यामुळे एक वापरून पाहून दुसऱ्याकडे वळता येते. मात्र एक दक्षता घ्यावी. ही सॉफ्टवेअरे चित्रपटांची माहिती इंटरनेटवरील सूचींतून आपोआप आणतात. आजीच्या ओव्यांची नोंद अशा कोणत्याही सूचीत नसते आणि भलत्याच चित्रपटाचे नाव तीस चिकटते. म्हणून घरगुती चित्रणांसाठी असलेला स्वतंत्र विभाग निवडावा आणि फाइलीस ‘१९८७ - गणेशोत्सव - पिपलानी’ अशा तऱ्हेने वर्ष, प्रसंग व स्थळ दर्शविणारे नाव द्यावे. देवनागरी नावे चालतात. आवाज कोणाचा आहे, हे सांगू शकणारी माणसे हयात आहेत तोवर ही नावे लिहून घेणे अगत्याचे आहे.

कायद्याची मर्यादाही ध्यानी ठेवावी. स्वतः केलेल्या ध्वनिमुद्रणांबाबत सहसा प्रश्न उद्भवत नाही. बाजारातील ध्वनिमुद्रिका व चित्रपट यांना १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे संरक्षण आहे आणि ते प्रकाशनाच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे टिकते. ध्वनिमुद्रिकेची मुदत संपली तरी गीतकार व संगीतकार यांचे हक्क स्वतंत्रपणे चालू असू शकतात. संस्थांनी सार्वजनिक कार्यक्रमापूर्वी याची खातरजमा करून घ्यावी.

सर्व्हर म्हणजे प्रतिलिपी नव्हे

शेवटी एक अनुभव नमूद करणे आवश्यक वाटते. प्रस्तुत लेखकाच्या घरी वडिलांच्या कीर्तनाच्या अकरा ध्वनिफिती होत्या. त्यांचे रूपांतर करून त्या घरच्या सर्व्हरवर ठेवल्या आणि आता काम झाले, या समाधानात मूळ फिती टाकून दिल्या. दोन वर्षांनी उन्हाळ्यात एका रात्री वीज वारंवार गेली आणि आली. सकाळी हार्ड डिस्क उघडेना. दुरुस्ती करणाऱ्याने बराच खटाटोप केला, तरीही काही हाती लागले नाही. नागपुरास राहणाऱ्या बहिणीकडे पेन ड्राइव्हवर चार कीर्तने होती, तेवढी वाचली. उरलेली सात गेली. सॉफ्टवेअरची निवड योग्य होती. चूक होती ती एकाच प्रतीवर विसंबण्याची.

म्हणून प्रत्येक संग्रहाच्या तीन प्रती असाव्यात : एक सर्व्हरवर, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या घरी, शक्य तर दुसऱ्या गावी. सर्व्हरला छोटा यूपीएस जोडावा. वर्षातून एकदा, गणपतीच्या आधी म्हणा, तिन्ही प्रती उघडून पाहाव्यात. मूळ फिती टाकून देऊ नयेत.

सॉफ्टवेअर बदलता येते, संगणक नवा घेता येतो, हार्ड डिस्कही बाजारात मिळते. आजीचा आवाज पुन्हा मुद्रित करता येत नाही. या पावसाळ्याआधी कपाटाचा वरचा कप्पा उघडावा आणि पहिल्या फितीपासून कामास लागावे, अशी वाचकांना विनंती आहे.