खेळणाऱ्यासाठी लेहरा

एकल तबल्याच्या मैफलीत हार्मोनियमवाल्याकडे फारसं कोणी पाहत नाही. तो एकच ओळ, म्हणजे लेहरा, धरून बसलेला असतो. सोळा मात्रा झाल्या की पुन्हा तीच, अर्धा तास, पाऊण तास. तबलजी कायदा मांडतो, पलटे घेतो, रेल्यात शिरतो, तिहाई टाकून समेवर येतो. लेहरा आपला चालूच. गंमत म्हणजे घरी परतताना ओठांवर येतो तो लेहराच.

व्हिडिओ गेमच्या संगीताची जातकुळी हीच. सिनेमाच्या संगीतकाराला दृश्य किती सेकंदांचं आहे हे ठाऊक असतं. गेमच्या संगीतकाराला समोरचा माणूस खड्ड्यात पाचव्या सेकंदाला पडणार की पाच मिनिटं नुसताच उभा राहणार, याचा पत्ता नसतो. म्हणून तो आवर्तन बांधतो आणि मोकळ्या जागा खेळणाऱ्यावर सोडतो.

याची सुरुवात अवघ्या चार सुरांनी झाली म्हटलं तरी चालेल. 1978 साली तोमोहिरो निशिकादो यांनी तैतो या जपानी कंपनीसाठी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ बनवला. परग्रहवासी रांगेनं खाली सरकतात आणि खर्जातले चार उतरते सूर त्यांच्या पावलांसारखे वाजत राहतात. जितके मारावे तितके उरलेले जास्त वेगानं धावतात. हा वेग मुळात यंत्राच्या दुबळेपणातून आला होता: हलवायच्या आकृत्या कमी झाल्या की बिचारं यंत्र भराभर काम उरकी. पण त्यासोबत सूरही विलंबितातून द्रुतात जात, आणि खेळणाऱ्याच्या छातीतले ठोकेही.

कोजी कोंदो यांनी सूर आणि खेळ यांचं हे नातं शास्त्रासारखं वापरलं. नागोयात जन्मलेला हा तरुण 1984 मध्ये निन्टेन्डोत लागला आणि पुढच्याच वर्षी ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चं संगीत त्याच्या वाट्याला आलं. त्यानं आधी एक निवांत चाल बांधली होती. ती खेळाबरोबर वाजवून पाहिली तेव्हा मारिओच्या धावण्या-उड्या मारण्याशी तिचा मेळ बसेना. चाल बाद झाली. नवी चाल बांधली ती मारिओच्या पायांना धरून. हातातल्या बटणाशी पटत नाही ते गोड असूनही बाद, हा निकष कुठल्याही साथीदारानं मनावर घ्यावा असा आहे.

साहित्य तरी काय होतं? निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या गेम-यंत्राच्या चिपमध्ये आवाजाच्या पाच वाटा. दोन चौकोनी लहरींच्या, एक त्रिकोणी लहरीची, एक नुसत्या खरखरीची आणि पाचवी ध्वनिमुद्रित तुकड्यांसाठी. त्रिकोणी लहरीनं खर्ज सांभाळायचा, खरखरीनं ताल. अख्खा गेम 40 केबीत मावलेला. मोबाइलवरच्या एका साध्या फोटोलाही आज याच्या कित्येक पट जागा लागते. त्यात मारिओनं नाणं उचललं की तो ‘टिंग’ आवाज चौकोनी लहरीची एक वाट बळकावतो आणि तेवढ्यापुरता चालीतला तो आवाज गप्प होतो. म्हणजे प्रत्येक उडीनं, प्रत्येक नाण्यानं खेळणारा त्या चालीत स्वतःची अक्षरं भरत असतो. घड्याळात शंभराहून कमी आकडा उरला की तीच चाल जास्त घाईनं धावू लागते, आणि पाण्याखाली गेलं की तिच्या जागी तीन मात्रांचा झुलता वॉल्ट्झ येतो. इतक्या तुटपुंज्या सामानात सुरांच्या भरजरी थराला जागाच नव्हती. उरली ती निव्वळ चाल, आणि चाल गुणगुणता येते.

महाराष्ट्रातल्या नव्वदीच्या मुलांना फॅमिकॉम हे नाव बहुधा ठाऊकच नव्हतं. त्यांच्याकडे होता तो ‘टीव्ही गेम’, म्हणजे त्याच यंत्राची स्वस्त नक्कल. कार्ट्रिजला सगळे कॅसेट म्हणत, आणि ती चालली नाही की फुंकर मारून पुन्हा खुपसत. कोंदोंचं नाव न ऐकताही एका पिढीनं त्यांची बंदिश अशी मुखोद्गत केली. 2023 मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय नोंदवहीत ही चाल घेतली. गेमचं संगीत तिथे पोहोचण्याची ती पहिलीच वेळ.

लेहरा धरणं वेगळं आणि गायकाला संगत करणं वेगळं. संगतकाराला गायकाच्या मागे जावं लागतं. गेमला हे साधलं 1991 च्या सुमारास. लुकासआर्ट्समध्ये मायकेल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी आयम्यूझ नावाची प्रणाली रचली आणि ‘मंकी आयलंड 2’ मध्ये ती वापरली. मोडक्या जहाजांच्या गावात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत शिरलं की मूळ चाल न तुटता वाद्यं बदलतात, नवी ओळ योग्य मात्रेवर येऊन मिळते. खटका कुठेच बसत नाही. 1998 च्या ‘झेल्डा: ऑकारिना ऑफ टाइम’मध्ये कोंदोंनी मोठ्या मैदानाची चाल लहान लहान तुकड्यांत बांधली. खेळणारा उभा राहिला की शांत तुकडे, शत्रू जवळ आला की ताणलेले, आणि क्रम दर वेळी निराळा. मैदानात तासन्‌तास भटकायचं होतं; एकच ओळ तिथे कानाला विटली असती.

मग कोणी तरी मुकाट बसायचं धाडसही केलं. जर्मनीचा डॅनियल रोझेनफेल्ड, टोपणनाव सी418, यानं ‘माइनक्राफ्ट’साठी अत्यंत विरळ, बहुतांशी पियानोचं संगीत केलं. ते सतत वाजतच नाही. बराच वेळ कुदळीचा आणि पावलांचा आवाज, आणि मग काही कारण नसताना चार सूर उमटतात. नेमके त्याच वेळी सूर्य मावळत असेल, घराचं छप्पर पुरं होत असेल, तर ते त्या क्षणाला कायमचे चिकटतात. 2025 मध्ये या संगीताचा अल्बमही त्याच अमेरिकी नोंदवहीत गेला.

आपल्याकडे पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं 2020 मध्ये ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ आणला. देवळं, देव-दानव, राजस्थानी वळणाच्या वास्तू असा सगळा भारतीय साज. संगीत मात्र लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराचं. नाक मुरडण्याचं कारण नाही. ‘टेट्रिस’च्या गेम बॉय आवृत्तीत 1989 साली फेरीवाल्याचं एक जुनं रशियन लोकगीत हिरोकाझू तानाका या जपानी माणसानंच तर जगाच्या कानात बसवलं.

लेहऱ्याला एक अडचण आहे. त्याला शेवट नसतो. म्हणून गेम संगीताच्या अल्बममध्ये चाल बहुधा दोनदा वाजते आणि हळूहळू विरून जाते. मंचावर तसं चालत नाही. ‘ड्रॅगन क्वेस्ट’चे संगीतकार कोइची सुगियामा यांनी 1987 मध्ये टोकियोच्या सनटोरी हॉलमध्ये हे संगीत वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलं. समोर खुर्च्यांत बसलेल्या श्रोत्यांच्या हातात मात्र बटणं नव्हती.

23 जुलै 2021 रोजी टोकियो ऑलिंपिकचं उद्‌घाटन झालं. करोनामुळे प्रेक्षकांच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. संचलनाला सुरुवात झाली ती सुगियामांच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’च्या सुरांनी, आणि मग एकामागून एक गेमच्याच चाली वाजत राहिल्या. मेरी कोम आणि मनप्रीत सिंग तिरंगा घेऊन आत आले तेही त्याच सुरांवर. मैदानात त्या रात्री फक्त खेळाडू होते.