पळून गेली की पळवून नेली?

१९९१ सालची गोष्ट. आमच्या शाखेतले हेड कॅशियर अण्णा एका सकाळी कॅश न उघडताच माझ्या टेबलासमोर येऊन बसले. "मुलगी गेली," एवढेच म्हणाले. मी तेव्हा कथा लिहीत असे. म्हणून पोलीस ठाण्यात द्यायच्या तक्रारीचा मसुदा माझ्याकडे आला. 'फूस लावून पळवून नेले' हे शब्द माझेच. वयाच्या जागी अण्णा म्हणाले, "सतरा घाल." मी घातले.

खरे वय मला ठाऊक होते. आठच महिन्यांपूर्वी तिला अठरा पूर्ण झाली, तेव्हा तिचे अज्ञान खाते सज्ञान करण्याचा फॉर्म मीच भरून घेतला होता. सहीच्या नमुन्याचे कार्ड तिने माझ्यासमोर भरले होते. त्या दिवशी अण्णांनी शाखेत पेढे वाटले होते!

मुलगा बावीस वर्षांचा, छापखान्यात कंपोझिटर, जात वेगळी. एकोणीस दिवस तो कोठडीत राहिला. पुढे कोर्टात शाळा सोडल्याचा दाखला आला आणि मुलगी उभी राहिली. म्हणाली, "मला कुणी नेलं नाही. मी पिशवी भरली आणि एस.टी.त बसले." अपहरणाचा आरोप तिथेच गळून पडला.

आपल्या भाषेत एका 'व'ने केवढा फरक पडतो पाहा. 'पळून गेली' म्हटले की करणारी ती. 'पळवून नेली' म्हटले की ती घरातल्या भांड्यासारखी, कुणीतरी उचलून नेलेली. आपण बहुधा दुसरेच म्हणतो. त्यात घराची अब्रू थोडी राहते, आणि मुलीला स्वतःचे मन होते हे कबूल करावे लागत नाही.

या फरकावर सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वी बोट ठेवले आहे. १९६० साली मद्रासमधली एक कॉलेजकन्यका, अठराला महिना-दीड महिना कमी असलेली, शेजारच्या तरुणाशी लग्न करायचे ठरवते. वडील तिला नातेवाइकांकडे नेऊन ठेवतात. ती स्वतः त्याला फोन करते, ठरलेल्या रस्त्यावर जाते आणि त्याच्या मोटारीत बसते. खालच्या कोर्टात त्याला शिक्षा झाली, हायकोर्टानेही ती कायम ठेवली. ९ सप्टेंबर १९६४ रोजी न्यायमूर्ती मुधोळकर यांनी निकालपत्रात सांगितले, की मुलीला 'नेणे' आणि तिला 'सोबत येऊ देणे' या एक गोष्टी नव्हेत. तरुण सुटला. २००६ साली लता सिंग खटल्यात याच न्यायालयाने सज्ञान मुलीच्या सासरच्या माणसांवरचे अपहरणाचे खटले रद्द केले आणि अशा जोडप्यांना त्रास होऊ देऊ नये, असे देशभरच्या पोलिसांना बजावले.

अर्थात वयाची गोष्ट हलकी नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानंतर शरीरसंबंधाच्या बाबतीत अठराखालील मुलीची संमती मानली जात नाही. म्हणूनच कागदावर खोटे 'सतरा' लिहिणे आज अधिक घातक आहे. त्या एका आकड्यापायी एखाद्या पोराची उमेदीची वर्षे तुरुंगात जाऊ शकतात.

मुलगी न सांगता गेली की आईबापांच्या काळजाचे काय होते, ते मी अण्णांच्या चेहऱ्यावर पाहिले आहे. ते दुःख खरेच होते. खोटी होती ती तक्रार.

निकालानंतर ती खाते बंद करायला बँकेत आली. अण्णा कॅशच्या पिंजऱ्यात मान खाली घालून नोटा मोजत राहिले. मी नियमाप्रमाणे कार्ड काढून सही ताडून पाहिली. ती हळूच म्हणाली, "काका, माझी जन्मतारीख याच कार्डावर होती ना?"

सही जुळत होती. मी स्लिप पास केली. तिच्या प्रश्नाचे उत्तर तेवढे त्या दिवशी दिले नाही. ते आज देतो आहे : हो, होती.