घराला टेकलेला गुलमोहर

एप्रिलच्या मध्यापासून गोंदियात दुपार भाजून काढते आणि संध्याकाळी अचानक आभाळ भरून येऊन वावटळ सुटते. मृगाचा पाऊस लागेपर्यंत हे असेच चालते. नेमका याच दिवसांत गुलमोहर भरात असतो. नवी पालवी, फुले आणि गेल्या वर्षीच्या वाळलेल्या शेंगा असा सगळा भार फांद्यांवर आलेला असतो. कधीकाळी हौसेने अंगणात लावलेले रोप वीस-पंचवीस वर्षांत छपरावर पसरते, मग एखाद्या वादळात जाडजूड फांदी कौलांवर येते आणि घरात ‘हे झाड काढूनच टाकू’ असा विषय निघतो. कोणी बुंध्यातून तोडायला निघतो, कोणी सगळ्या फांद्या खुंटापर्यंत छाटून झाड बोडके करतो. माझ्या मते हे दोन्ही निर्णय झाड नीट न पाहता घेतलेले असतात. क्रम उलटा हवा. आधी पाहणी, मग थोडी आणि नेमकी छाटणी, तोड अगदी शेवटी.

झाडाचा स्वभाव आधी ओळखून घ्यावा. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. बोहेमियात जन्मलेले वनस्पतिशास्त्रज्ञ वेन्सेस्लास बोजर यांना तो तिथे आढळला आणि 1829 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. तो झपाट्याने वाढतो, पण त्याचे लाकूड ठिसूळ असते. उंचीपेक्षा त्याचा घेर मोठा असतो, म्हणून फांद्या आडव्या आणि लांब जातात. मुळे खोल न जाता वरच्या थरात पसरतात आणि जुन्या झाडाच्या बुंध्याशी फळीसारखी उभी राहतात. रस्त्याकडेला, मैदानात हे झाड शोभते. साताऱ्यात तर 1 मे हा गुलमोहर दिन म्हणून साजरा होतो. भिंतीपासून दोन-तीन मीटरवर मात्र त्याच्याकडे सतत लक्ष ठेवावे लागते.

पाहणी बुंध्यापासून सुरू करा. पालापाचोळा आणि वरची माती हाताने बाजूला सारा. बुंधा जमिनीत शिरतो तिथे तो रुंद होत गेलेला दिसायला हवा. खांबासारखा सरळ आत गेला असेल तर भराव टाकताना तो पुरला गेला आहे. बुंध्यावर किंवा मुळांवर लाकडासारखी कडक, तपकिरी, चकचकीत बुरशी कपाटाच्या फळीसारखी वाढलेली दिसली तर थांबा. गॅनोडर्मा नावाची ही बुरशी मुळे आणि बुंध्याचे लाकूड आतून कुजवते. वर पाने हिरवीगार असताना खालचा आधार गेलेला असू शकतो. लाकडी थापीने बुंध्यावर चहूकडून ठोकून बघा. पोकळ जागी आवाज बदलतो.

मग झुकाव बघा. झाड वर्षानुवर्षे कलते वाढले असेल आणि शेंडा पुन्हा सरळ वर वळला असेल, तर त्याने तोल सांभाळलेला आहे. नव्याने कललेल्या झाडाची गोष्ट वेगळी असते. कलाच्या विरुद्ध बाजूची माती उचललेली दिसते आणि तिला ताज्या भेगा पडतात. असे दिसले तर झाड ज्या बाजूला कलले आहे त्या बाजूला झोपणे बंद करा आणि त्याच दिवशी जाणकाराला बोलवा. वर बघताना दोन जाड फांद्या इंग्रजी ‘व्ही’सारख्या चिंचोळ्या बेचक्यात मिळतात का, तेही तपासा. अशा बेचक्यात साल आत दबलेली असते, लाकूड लाकडाशी जुळलेले नसते. गुलमोहर बहुधा तिथेच उभा फाटतो.

आता पाया आणि मुळे. मुळे धडधाकट पाया फोडून घरात शिरतात, असा समज सर्रास आहे. प्रत्यक्षात मूळ ओल शोधत जाते. गळका पाइप, फुटलेली मोरी, आधीच पडलेली भेग तिला वाट देते. अंगणातली फरशी आणि कुंपणाची भिंत ती सहज उचलते. घराच्या पायाला मात्र बहुतेक वेळा मातीमार्फत त्रास होतो, म्हणून आपल्या घराखाली कोणती माती आहे हे कळणे महत्त्वाचे. भंडारा-गोंदियाकडचा धानाचा शेतकरी जमिनीला कन्हार, मोरांड, सिहार, खरडी, बरडी अशी नावे देतो. त्यांतली कन्हार काळी आणि भारी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. शेजारचे मोठे झाड उन्हाळ्यात तिच्यातले पाणी ओढते, एका बाजूची माती जास्त आकसते, पाया त्या अंगाला खचतो आणि भिंतीवर तिरकी भेग उमटते. पावसाळ्यात ती भेग मिटल्यासारखी दिसते, उन्हाळ्यात पुन्हा उघडते. भेगेच्या दोन्ही कडांवर पेन्सिलने खुणा करून वर्षभर दर महिन्याला अंतर मोजा. ऋतूप्रमाणे अंतर कमी-जास्त झाले तर संशय मातीवर घ्यावा. बरड, मुरमाड जमिनीवर हा प्रकार जवळजवळ होत नाही.

काळ्या जमिनीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. मोठे झाड एकदम तोडले की ते ओढत असलेले पाणी मातीतच राहते, माती हळूहळू फुगते आणि पाया वर उचलला जातो. खचण्याच्या भीतीने झाड तोडावे आणि भिंत दुसऱ्या दिशेने तडकावी, असे होऊ शकते. घर झाडापेक्षा नंतर बांधलेले असेल तर हा धोका अधिक. तोडण्याआधी स्थापत्य अभियंत्याला पाया दाखवावा.

मुळे तोडताना तर फारच जपावे लागते. झाडाला जमिनीत धरून ठेवणारी जाड मुळे बुंध्याच्या जवळच असतात. बुंध्याच्या व्यासाच्या निदान तिप्पट अंतरापर्यंत एकही जाड मूळ तोडू नये, पाचपट अंतर सोडले तर बरे. मोरीसाठी चर खणताना घराकडची सगळी मुळे छाटली तर झाडाचा त्या बाजूचा आधार जातो. बुंध्याभोवती सिमेंट ओतणेही चूक. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला लावले होते. अंगणात तेवढी माती मोकळी ठेवणे कोणालाही जमते.

छाटणीचा योग्य काळ म्हणजे फेब्रुवारी. तेव्हा गुलमोहराची पाने झडलेली असतात, सांगाडा स्पष्ट दिसतो आणि पक्ष्यांची घरटीही कमी असतात. आधी वाळलेल्या, फाटलेल्या आणि छपराला घासणाऱ्या फांद्या घ्याव्यात. लांब आडव्या फांदीचे वजन कमी करायचे तर ती मध्येच न तोडता, टोकाकडून मागे येत एखाद्या जोमदार उपफांदीपाशी कापावी. एका वर्षात पानोऱ्याच्या चौथाईपेक्षा जास्त काढू नये.

जाड फांदी तीन कापांत उतरवतात. खोडापासून हात-दीड हात अंतरावर पहिला काप खालून, एक तृतीयांश जाडीपर्यंत. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून. फांदी पडते तेव्हा पहिल्या कापामुळे साल खोडापर्यंत सोलली जात नाही. उरलेला खुंट तिसऱ्या कापाने काढायचा. फांदीच्या बुडाशी सुजल्यासारखी एक वळी असते. काप तिच्या लगत, पण बाहेर हवा. जखम बंद करणारी साल त्या वळीतूनच वाढते. खोडाला घासून कापले तर वळीच जाते, लांब खुंट ठेवला तर तो कुजत आत जातो. अमेरिकेच्या वन खात्यातले अॅलेक्स शिगो यांनी हजारो खोडे उभी चिरून दाखवून दिले, की झाड जखम भरत नाही, तिच्याभोवती भिंती घालून तिला कोंडते. म्हणून डांबर किंवा रंग फासून काही साधत नाही.

बोडके करण्याचा धोकाही यातूनच कळतो. खुंटांच्या टोकांवर पुढच्या पावसात धुमाऱ्यांचा झुपका फुटतो. ते वरवर चिकटलेले असतात आणि खालचा खुंट कुजत असतो. चार-पाच वर्षांनी तेच धुमारे मनगटाएवढे होऊन वादळात तुटतात. छाटणीवर खर्च करून झाड पूर्वीपेक्षा धोकादायक झालेले असते.

तोडणे खरोखरच भाग पडले, तर आधी परवानगी. गोंदिया, तिरोडा अशा नगर परिषदांच्या हद्दीत 1975 चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणे हे त्याच्या व्याख्येत तोडच ठरते, म्हणून मोठ्या छाटणीचाही अर्ज वृक्ष अधिकाऱ्याकडे द्या. सोबत फोटो, बुंध्याचा छातीच्या उंचीवरचा घेर आणि धोक्याचे कारण लिहा. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांवरील झाड वारसा वृक्ष मानले जाते, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावावी लागतात. खेड्यांत 1964 चा वृक्षतोड अधिनियम आहे. साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ त्याच्या अनुसूचीत येतात, गुलमोहर येत नाही. तरीही ग्रामपंचायतीत आणि वन विभागाच्या कार्यालयात विचारूनच पुढे जा.

घराजवळचे झाड बुंध्यातून पाडत नाहीत. वरून खाली तुकड्यांनी, दोर बांधून उतरवतात. शेजारून वीजतार जात असेल तर महावितरणला कळवून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय कोणालाही वर चढू देऊ नका. ओली फांदी तारेला लागली तरी माणूस जातो.

झाड गेल्यावर पश्चिमेची भिंत मे महिन्यात किती तापते, हे पहिल्याच उन्हाळ्यात कळेल. रिकाम्या जागी बहावा लावा किंवा महाराष्ट्राचे राज्यफूल असलेला ताम्हण. दोन्ही बेताने वाढतात, भिंतीपासून पाच-सहा मीटर त्यांना पुरतात. गुलमोहरच हवा असेल तर घरापासून दहा मीटर लांब, वीजतार नसलेल्या बाजूला लावा.