घरची शाळा आणि चार घरांचा आधार



तेल्हाऱ्याच्या या व्यासपीठावरून कामगार संघटनेच्या माणसाने मुलांच्या शिक्षणावर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. मी शिक्षक नाही. सातवी झाली आणि माझी शाळा सुटली. पुढचे शिक्षण जिनाच्या आवारात, सरकीच्या ढिगाशेजारी झाले. दुपारच्या सुट्टीत एकाने वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे, बाकीच्यांनी भाकर खात ऐकायचे, आणि न कळलेल्या शब्दाचा अर्थ ज्याला ठाऊक असेल त्याने सांगायचा, असा आमचा वर्ग होता. तेव्हा शाळेबाहेरही माणूस शिकतो, हे मला कोणी पटवून देण्याची गरज नाही. एकटा माणूस मात्र फार दूर जात नाही, हेही मी त्याच वर्गात पाहिले. आज मला जे सांगावयाचे आहे, ते याच अनुभवातून आलेले आहे.

गेल्या वर्षी एक जोडपे माझ्याकडे आले. नवरा पंप दुरुस्तीचे काम करतो, बायको बारावी शिकलेली. त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा बोलताना अडखळतो. वर्गातली मुले त्याची नक्कल करीत. रोज सकाळी मुलाचे पोट दुखे. शेवटी जूनमध्ये त्यांनी त्याला शाळेतून काढले आणि आई घरी शिकवू लागली. दिवाळीपर्यंत मुलगा भागाकार शिकला, वाचू लागला. पण आई थकून गेली. नातेवाईक विचारीत, "पोरगं नापास झालं काय?" कायद्याने आपल्याला कोणी पकडील का, एवढेच विचारायला ते दोघे आले होते. उठता उठता बाई म्हणाल्या, "भाऊ, शिकवाले जड नाही जात. पण दिवसभर लेकरू एकटं असते अन् मीही एकटी." मला वाटते, या विषयाचे सारे मर्म त्या वाक्यात आले.

घरी शिकवणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. १८५८ साली जन्मलेल्या पंडिता रमाबाईंना आईवडिलांनीच शिकविले. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आधी पत्नीला संस्कृत शिकविले, म्हणून लोकांचा रोष पत्करला; पुढे त्या मातेने मुलीला शिकविले. तीर्थयात्रा करीत फिरणाऱ्या त्या कुटुंबाची शाळा त्यांच्याबरोबरच चालत होती. त्या शिक्षणाचे बळ एवढे की, १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी या विशीतल्या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरविले. पण त्याच कथेची दुसरी बाजूही आहे. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळाने या कुटुंबाला गाठले, तेव्हा थोड्याच काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली. धर्मग्रंथांपलीकडचे काही आम्हांला शिकविले नव्हते, अंगमेहनतीचे काम येत नव्हते, आणि भीक मागणे अभिमानाला सोसत नव्हते, अशा अर्थाची कबुली रमाबाईंनी स्वतः आपल्या आठवणींत दिली आहे. विद्या पुष्कळ होती. परंतु पाठीशी समाज नव्हता आणि व्यवहाराशी गाठ नव्हती.

आता दुसऱ्या रमाबाई पाहा. रमाबाई रानडे यांना न्यायमूर्तींनी घरीच शिकविले. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते मुळीच रुचत नसे, आणि त्यांचे टोमणे सोसत या बाईंना अभ्यास करावा लागे. आपण जिचा वारसा सांगतो ती वसंत व्याख्यानमाला १८७५ साली पुण्यात ज्या रानड्यांनी सुरू केली, त्यांच्याच घरातली ही गोष्ट आहे. पुढे १९०९ साली रमाबाईंनी पुण्यात त्याच रानडे वाड्यात सेवासदनाचे काम सुरू केले. जी स्वतः घरात चोरट्यासारखी शिकली, तिने घराचे दार इतर बायकांसाठी उघडले. विधवा आणि सासुरवाशिणी तिथे एकमेकींच्या सोबतीने शिकू लागल्या. एकटीने सोसलेले दुःख दहाजणींची सोय झाले, हे मला त्यातले मोठे काम वाटते.

तिसरे नाव आपल्या वऱ्हाडाला परके नाही. ताराबाई मोडक यांचे वैवाहिक आयुष्य काही काळ अमरावतीत गेले. १९४५ साली त्यांनी ठाणे जिल्ह्यात बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी वस्तीत गेले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. त्या बालवाडी घेऊन वस्तीतल्या अंगणात गेल्या. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरविली. पाने, बिया, शंख, माती हीच साधने. आज गावोगाव जी अंगणवाडी दिसते, तिच्या कल्पनेचे मूळ तिथे आहे. घराचे अंगण ही शिकण्याची जागा आहे, फक्त ते अंगण चार घरांचे असले पाहिजे, हे त्यांनी करून दाखविले.

आता कायद्याचे पाहू. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातली सक्ती प्रामुख्याने सरकारवर आहे: सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळा उपलब्ध करून देण्याची. आईबापांनी मुलाला शाळेत घालणे हे त्यांचे कर्तव्य म्हणून दहाव्या कलमात लिहिले आहे. परंतु ते न केल्यास आईबापांना शिक्षा सांगितलेली नाही. घरच्या शिक्षणाचे नाव कायद्यात नाही, आणि त्याला मान्यता देण्याची रीतही नाही. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. चौथ्या कलमाप्रमाणे शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो, आणि मागे पडलेले भरून काढण्यासाठी विशेष शिक्षणही मिळते. म्हणजे परतीचा दरवाजा उघडा आहे. उलट अठराव्या कलमाप्रमाणे मान्यतेवाचून शाळा चालविणे हा गुन्हा आहे, आणि त्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. म्हणून चार कुटुंबांनी एकत्र यावे, पण फी घेऊन, पगारी मास्तर नेमून, पाटी लावून शाळा थाटू नये.

परीक्षेची वाटही बंद नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या परीक्षा घेते. चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला तिथे दहावीसाठी नाव नोंदविता येते. पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेची संधी मिळते, त्यामुळे एकेक दोन-दोन विषय करून पुरे करता येतात. आपल्या राज्य मंडळाची दहावीही सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून देता येते.

पण कायदा आणि परीक्षा यांनी त्या बाईंचा एकटेपणा कसा जाणार? इंग्लंडचे उदाहरण घ्या. तिथल्या १९४४ च्या शिक्षण कायद्यात, मुलाला शाळेत 'किंवा अन्य प्रकारे' शिक्षण देण्याची मुभा आईबापांना होती. हक्क कागदावर होता. तरी घरी शिकविणारी कुटुंबे विखुरलेली आणि अधिकाऱ्यांना भिऊन राहणारी. १९७७ साली काही कुटुंबांनी एकत्र येऊन संघटना काढली आणि कायद्यातला तो 'अन्य प्रकारे' हा शब्दच आपल्या नावात घेतला. नवे कुटुंब आले की जुन्याने त्याला हात द्यायचा, अशी ती रीत. आपल्या देशातही 'स्वशिक्षण' नावाची घरी शिकविणाऱ्या कुटुंबांची संघटना आहे. आम्हा कामगारांना हे निराळे सांगायला नको. मजुरीचा कायदा कितीही चांगला असो, एकटा हमाल मालकाच्या खोलीत गेला की त्याची जीभ टाळ्याला चिकटते. पाचजण गेले की तोच कायदा बोलू लागतो.

मग चार घरांनी काय करावे? मी त्या जोडप्याला जे सांगितले तेच येथे सांगतो. पहिले, वार वाटून घ्या. ज्याला हिशेब येतो त्याने हिशेब, जिला शिवण येते तिने मापे आणि अपूर्णांक, ज्याच्या हाताला पंप उघडायची सवय आहे त्याने यंत्र. कपाशीच्या एका शेतात पेरणीपासून वेचणीपर्यंत मूल हिंडले, आणि गठाण बांधून जाईपर्यंत भाव कसा ठरतो हे त्याने विचारले, तर भूगोल, विज्ञान आणि अर्थशास्त्र तिन्ही त्यात येतात. दुसरे, पुस्तके एका घरात ठेवा आणि नोंदवहीवर फिरवा. तिसरे, महिन्यातून एकदा मोठ्यांची बैठक घ्या आणि तिचे इतिवृत्त लिहा. कोणाचे मूल कुठे अडले, कोणती आई दमली, हे तिथे उघड बोलले जावे. आठ तासांच्या दिवसासाठी आम्ही पिढ्यान् पिढ्या लढलो. घरी शिकविणाऱ्या आईचे तास मात्र कोणी मोजत नाही. ते मोजलेच पाहिजेत, आणि त्यातला वाटा बापाने उचललाच पाहिजे. चौथे, मुलांना रोज संध्याकाळी शाळेत जाणाऱ्या मुलांबरोबर खेळू द्या. शाळेचा राग मुलांच्या मैत्रीवर काढू नये.

आता माझ्या मनातली शंकाही बोलतो. मजुराची बायको सकाळी सातला वेचणीला जाते. तिने घरी कधी शिकवावे? तिच्या मुलीला सरकारी शाळा हाच आधार आहे, आणि वेचणीच्या दिवसांत तीच मुलगी धाकट्या भावाला सांभाळायला शाळा बुडविते. ताट विकून हातावर भाकर खा पण पोरांना शिकवा, अशा आशयाचे जे गाडगेबाबा गावोगाव सांगत फिरले, ते याच लोकांना सांगत होते. ज्यांना सवड आहे त्यांनी मुले काढून घ्यावीत आणि शाळेकडे पाठ फिरवावी, तर शाळेसाठी भांडणारे तोंडही तिथून निघून जाते. म्हणून माझी अट आहे. घरी शिकविणाऱ्यांनी गावच्या शाळेच्या सभेला जावे, तिच्या गळक्या छतासाठी आणि रिकाम्या जागेवरच्या शिक्षकासाठी इतरांइतकेच भांडावे. आणि आपल्या चार घरांच्या वर्गात मजुराच्या एका तरी मुलाला बसवून घ्यावे. हे उपकार म्हणून करू नये. ज्या वर्गात एकाच प्रकारच्या घरची मुले असतात, तो वर्ग शिकायला अपुरा असतो.

त्या जोडप्याला पुढे तीन घरे मिळाली: एक शिंपी, एक निवृत्त शिक्षिका, आणि एक मजूर बाई, जिची मुलगी शाळेतून आल्यावर संध्याकाळी तिथे येते. रविवारी मी डोकावलो, तेव्हा तो मुलगा या मुलीला हातच्याची बेरीज समजावीत होता. तो अडखळत होता, आणि ती न हसता थांबत होती. येत्या जूनमध्ये तो शाळेत परत जाणार की घरीच शिकणार, हे अजून ठरलेले नाही. या खेपेस ते ठरवायला चार घरे बसणार आहेत, आणि त्या बैठकीत मुलालाही विचारले जाणार आहे. त्याच्या आईच्या वाट्याला आता आठवड्यातून दोन दिवस येतात.

तेल्हाऱ्यात असे आणखी एखादे घर असेल, तर त्याने दार लावून बसू नये. शेजारच्या दारावर थाप मारावी. संघटनेचा आरंभ नेहमी तिथूनच होत आला आहे.