मैदानावरील वचनगुप्ती

नेदरलँड्समधील अल्मेरे शहरात २ डिसेंबर २०१२ रोजी किशोरवयीन मुलांचा फुटबॉल सामना झाला. हाती निशाण घेऊन कडेला उभा असलेला सीमापंच पगारी नव्हता. मुलाच्या संघासाठी विनामूल्य सेवा देणारा तो एक पिता होता. सामना संपताच प्रतिस्पर्धी संघातील काही मुलांनी त्याला खाली पाडून लाथांनी मारले. दुसऱ्या दिवशी त्याचे निधन झाले. पुढील शनिवार-रविवारी त्या देशातील हौशी फुटबॉलचे सामने रद्द करण्यात आले. २०१३ मध्ये न्यायालयाने ज्यांना दोषी ठरविले, त्यांत त्या मुलांबरोबर एका खेळाडूचा पिताही होता. त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली.

एक पिता सेवा करीत होता, दुसरा मारणाऱ्यांत सामील झाला. दोघांचीही मुले त्याच मैदानावर होती.

प्रहाराआधी बहुधा शब्द येतात. कधी शब्दच पुरेसे ठरतात. स्वीडनचे पंच अँडर्स फ्रिस्क यांना सप्टेंबर २००४ मध्ये रोम येथे प्रेक्षकांतून फेकलेली वस्तू लागली आणि रक्तबंबाळ अवस्थेत त्यांना सामना थांबवावा लागला. त्यानंतरही ते मैदानावर परतले. मात्र २००५ मध्ये बार्सिलोना-चेल्सी सामन्यानंतर जिवे मारण्याच्या धमक्या येऊ लागल्या, तेव्हा त्यांनी शिट्टी कायमची खाली ठेवली. वस्तूच्या जखमेने जे झाले नाही, ते वचनाने झाले.

हिंसा मन, वचन आणि काया या तिन्ही योगांनी घडते, ही जैन दर्शनाची शिकवण येथे तंतोतंत पटते. भाषासमिती आणि वचनगुप्ती ही मुनिधर्माची अंगे खरी. तथापि श्रावकालाही ती वाट दाखवितात. अनेकान्ताचा पाठही मैदानावर मिळतो. ऑफसाइडचा निर्णय सहकाऱ्याने चेंडू मारला त्या क्षणीच्या स्थितीवरून होतो. सीमापंच रेषेत उभा राहून पाहतो, प्रेक्षक तिरक्या कोनातून. दोघांना दिसणारे दृश्य सारखे कसे असेल?

पेढीवर ग्राहकाने कितीही हुज्जत घातली, तरी व्यापारी जिभेवर ताबा ठेवतो. तोच गृहस्थ रविवारी मुलाच्या सामन्यात पंचाला किंवा समोरच्या संघाला अपशब्द बोलला, तर मुलाने त्याचे कोणते रूप खरे मानावे? हार-जीत दोन दिवसांत विसरली जाते. पित्याच्या तोंडचा शब्द मुलाच्या मनात घर करतो.

सामना संपल्यावर मुलाला सोबत घेऊन पंचाचे आभार मानावेत. तोंडून कठोर शब्द गेलाच असेल, तर क्षमावाणीच्या दिवसाची वाट पाहू नये. मैदान सोडण्यापूर्वीच क्षमा मागावी.