नोकरीची जाहिरात आणि अपंग उमेदवार



नोकरीची जाहिरात म्हणजे काय, ह्या प्रश्नाचे उत्तर कोणीही देईल. जागा रिकामी आहे, पात्रता अमुक, वेतन तमुक, अर्ज अमक्या तारखेच्या आत करावा. म्हणजे ती एक सूचना. पण सूचना देणारा जेवढे लिहितो तेवढेच वाचणारा वाचतो असे नाही. लग्नाच्या छापील पत्रिकेत 'अगत्य येण्याचे करावे' असे असते आणि घरी येऊन अक्षत देणाऱ्याच्या तोंडीही तेच शब्द असतात. तरी कोणत्या घरी आपली वाट पाहिली जात आहे हे आपण बरोबर ओळखतो. ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, चालता येत नाही किंवा ज्याच्या मनाची घडण चारचौघांहून निराळी आहे, अशा उमेदवाराला नोकरीचे बोलावणे कसे ऐकू येते आणि त्यावरून तो काय ठरवतो, हा आजचा आपला विषय आहे.

विषय मूठभरांचा नाही. २०११ च्या जनगणनेत भारतात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली, आणि त्यांतल्या २९ लाखांहून अधिक महाराष्ट्रातल्या होत्या. ती गणना सात-आठ प्रकारांपुरती होती. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत, तेव्हा खरा आकडा त्याहून मोठाच धरावा लागेल.

शब्दाविषयी एक खुलासा आधी करतो. डिसेंबर २०१५ नंतर सरकारी व्यवहारात 'दिव्यांग' हा शब्द रूढ झाला. काहींना तो सन्मानाचा वाटतो. काही अपंग बांधवांचे म्हणणे असे की, आम्हांला देवत्व नको, जिन्याला कठडा आणि दाराला उतार द्या. मी जुना शब्द वापरणार आहे, त्यात उणेपणाचा हेतू नाही. पण एका शब्दावरून एवढा विचार होतो ह्यावरूनच ध्यानात घ्यावे की, ज्यांच्याविषयी बोलले जाते ते लोक शब्द फार बारकाईने ऐकत असतात.

ते इतके बारकाईने का ऐकतात? मायकेल स्पेन्स ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ साली 'संकेतां'चा सिद्धान्त मांडला. पुढे २००१ साली त्याला नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. त्याचे सांगणे असे की, नोकरीच्या बाजारात मालकाला उमेदवाराचा आतला गुण दिसत नाही, म्हणून तो पदवीसारख्या बाहेरच्या खुणेवरून अंदाज बांधतो. हेच उलट बाजूनेही खरे आहे. उमेदवाराला कचेरीच्या आतली माणसे दिसत नाहीत, म्हणून तोही खुणांवरून अंदाज बांधतो, आणि जाहिरात ही त्याच्या हाती येणारी पहिली खूण असते. धडधाकट माणसाला अर्ज करायला तासभर लागतो. नोकरी लागली तर लागली, नाही तर नाही. अंध माणसाला लेखनिक शोधावा लागतो, चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला रिक्षा ठरवावी लागते आणि बरोबर भावाला किंवा वडिलांना रजा घ्यायला लावावी लागते. शिवाय पूर्वीच्या नकारांचे ओझे असतेच. ज्याला अर्ज महाग पडतो तो अर्ज करण्यापूर्वी दहादा विचार करतो.

त्या विचारात तीन प्रश्न असतात. हे काम मला जमेल काय? मी गेलो तर हे लोक मला दारात उभे करतील काय? आणि माझे अपंगत्व सांगू की झाकू? जाहिरात ह्या तिन्ही प्रश्नांना उत्तर देते. तिने काही म्हटले नाही तर तिचे मौनही उत्तरच समजले जाते.

पहिला प्रश्न घेऊ. आपल्याकडच्या जाहिरातींत एक वाक्य हमखास असते: 'स्वतःची दुचाकी असणे आवश्यक'. कुरिअर पोहोचवणाऱ्याच्या बाबतीत ते समजते. पण हिशेबनीस किंवा कार्यालयीन साहाय्यक हवा असतानाही हेच छापले जाते, कारण मागच्या जाहिरातीत ते होते. 'धडधाकट', 'चपळ', 'आकर्षक व्यक्तिमत्त्व' ही विशेषणेही अशीच सवयीने येतात. लिहिणाऱ्याच्या मनात कोणाला वगळण्याचा विचार नसतो, पण वाचणारा वगळला जातो. येथे काम आणि काम करण्याची रीत ह्यांत फरक केला पाहिजे. 'आठवड्यातून दोनदा बँकेत जावे लागेल' हे काम झाले, आणि 'दुचाकी हवी' ही रीत झाली. काम सांगितले की उमेदवार म्हणतो, मी माझ्या तीनचाकीवरून जाईन. रीतच अट म्हणून घातली की तो पान उलटतो.

सरकारी नोकऱ्यांत हा प्रश्न याद्यांनी सोडवण्याचा प्रयत्न झाला आहे. कोणते पद कोणत्या अपंगत्वाच्या व्यक्तीला योग्य आणि त्यासाठी बसणे, उभे राहणे, वाकणे, उचलणे, ढकलणे ह्यांपैकी कोणत्या क्रिया लागतात, हे त्यांत लिहिलेले असते. ४ जानेवारी २०२१ च्या केंद्र सरकारच्या यादीत अशी ३,५६६ पदे आहेत. यादीचा उपयोग आहे. पण जे यादीत आले नाही ते मनाई समजले जाते, आणि क्रियांची नावे यंत्रासारखी लावली की अनर्थ होतो. इरा सिंघल ह्या २०१० ची केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. त्यांच्या पाठीच्या कण्याला बाक आहे. त्यांना ढकलणे, ओढणे, उचलणे जमणार नाही ह्या कारणावरून महसूल सेवेतील नेमणूक नाकारली गेली. महसूल अधिकाऱ्याला कोणती गाडी ढकलायची असते? त्यांनी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात दाद मागितली आणि त्या जिंकल्या. पुढे २०१४ च्या परीक्षेत त्या देशात पहिल्या आल्या. आपल्या उल्हासनगरच्या प्रांजल पाटील पूर्णपणे अंध आहेत. २०१५ च्या परीक्षेत त्यांचा क्रमांक ७७३ वा होता. रेल्वेच्या लेखा सेवेत त्यांना अंधत्वामुळे घेतले गेले नाही. त्या पुन्हा बसल्या, १२४ व्या आल्या, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी झाल्या.

ही नावे आपल्याला ठाऊक झाली, कारण ह्या दोघी दारापर्यंत गेल्या आणि नकार मिळाल्यावरही हटल्या नाहीत. जो जाहिरात वाचूनच परत फिरला त्याचे नाव कोठे लिहिलेले नसते. त्याचा अर्ज नाही, म्हणून नकार नाही, आणि नकार नाही म्हणून दादही नाही. मग व्यवस्थापक प्रामाणिकपणे सांगतो की, 'आम्ही घ्यायला तयार आहोत हो, पण अशांचे अर्जच येत नाहीत!' त्याचे म्हणणे खोटे नसते. फक्त अर्ज का येत नाहीत, ह्याचे कारण त्याच्याच टेबलावर पडलेले असते.

आता दुसरा प्रश्न, स्वागताचा. ह्या बाबतीत इंग्लंडचा शंभर वर्षांचा अनुभव बोधप्रद आहे. पहिल्या महायुद्धातून लाखो सैनिक जायबंदी होऊन परतले, तेव्हा १९१९ साली तेथे राजाच्या नावाने एक नोंदवही उघडण्यात आली. जो मालक आपल्या नोकरवर्गात साधारण ५ टक्के अपंग सैनिक ठेवील त्याचे नाव तीत लागे आणि त्याला आपल्या पत्रांच्या कागदावर खास मुद्रा छापता येई. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४ मध्ये, कायदाच झाला. वीस किंवा अधिक नोकर असलेल्या मालकाने ३ टक्के जागा नोंदणीकृत अपंगांना द्याव्या असे ठरले. त्याच कायद्याखाली दोन कामे खास अपंगांसाठी राखून ठेवण्यात आली: विजेच्या लिफ्टवरचा माणूस आणि मोटारी उभ्या करण्याच्या जागेवरचा राखणदार. हेतू दयेचा होता. पण हातपाय गमावलेल्या इंजिनिअरने किंवा शिक्षकाने ही दोन नावे वाचली असतील तेव्हा समाज आपल्याकडून किती अपेक्षा ठेवतो, हे त्याला न सांगता कळले असेल. राखीव जागासुद्धा काही तरी बोलत असते.

१९९० साली तेथे आणखी एक चिन्ह आले. 'आम्ही अपंगांच्या बाजूचे आहोत' अशा अर्थाचे, बरोबरच्या दोन खुणांचे ते चिन्ह जाहिरातीवर छापता येई. त्यामागे पाच वचने होती. किमान पात्रता असलेल्या प्रत्येक अपंग अर्जदाराला मुलाखतीला बोलावू, हे त्यांतले मुख्य. २०१४ साली काही अभ्यासकांनी चिन्ह वापरणाऱ्या कचेऱ्या तपासल्या. पाचही वचने पाळणारे १५ टक्के निघाले आणि एकही न पाळणारे १८ टक्के! म्हणजे पुष्कळ ठिकाणी बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. २०१६ साली ते चिन्ह जाऊन दुसरी योजना आली.

ह्यावरून चिन्हे निरुपयोगी आहेत असा निष्कर्ष काढू नये. चिन्ह पाहून माणूस उमेद धरतो, म्हणूनच ते फसवे निघाले की त्याची उमेद अधिक खचते. आपल्याकडे 'दिव्यांग उमेदवारांचे स्वागत आहे' असे छापून मुलाखत लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर ठेवली, तर तो मनुष्य पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाच्या खऱ्या आमंत्रणावरही विश्वास ठेवणार नाही. एका मालकाच्या पोकळ शब्दाची किंमत दुसरा मालक मोजतो.

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक आहे: सांगू की झाकू? ही भीती मनाचे खेळ आहेत असे कोणी म्हणू नये. अमेरिकेत काही अर्थशास्त्रज्ञांनी हिशेबनीसाच्या जागांसाठी सहा हजारांवर बनावट अर्ज पाठवून पाहिले. त्यांचा निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पात्रता सारखीच ठेवली होती. काही अर्जांत मज्जारज्जूच्या दुखापतीचा किंवा स्वमग्नतेच्या एका प्रकाराचा उल्लेख होता, काहींत नव्हता. आकडेमोडीच्या कामात ह्यांपैकी कशाचीही अडचण नाही. तरीही उल्लेख असलेल्या अर्जांना मालकांकडून २६ टक्क्यांनी कमी प्रतिसाद मिळाला. तेव्हा झाकणाऱ्याला दोष देता येत नाही. पण झाकले तर सोय कशी मागणार? परीक्षेला लेखनिक हवा, मुलाखतीला सांकेतिक भाषेचा दुभाषी हवा, तर तोंड उघडलेच पाहिजे. इंग्लंडच्या २०१० च्या कायद्याने ह्यातून वाट काढली आहे. नोकरी देऊ करण्यापूर्वी मालकाने प्रकृतीविषयी विचारू नये, असा तेथे सामान्य नियम आहे; मुलाखतीसाठी काही सोय लागते काय, एवढे मात्र विचारता येते. सोयीची विचारपूस आणि निवडीची पारख ही दोन कामे निराळी आहेत, आणि जाहिरातीने ती निराळी ठेवल्याचे सांगितले की उमेदवाराचा जीव भांड्यात पडतो.

मजकुराइतकेच महत्त्व त्याच्या रूपाला आहे. हल्ली जाहिरातीचे चित्र बनवून ते मोबाइलवर फिरवले जाते. अंध व्यक्तीचा स्क्रीन रीडर अक्षरे वाचून दाखवतो. चित्रातला मजकूर त्याच्या हाती बहुधा लागत नाही. जुन्या मराठी टंकांत जुळवलेला मजकूर तर त्याला निव्वळ गिचमिड वाटते. 'फक्त दूरध्वनीवर संपर्क साधावा' हे वाक्य कर्णबधिराला दार बंद असल्याचे सांगते. तेथे 'किंवा संदेश पाठवावा' हे तीन शब्द घालायला काय खर्च येतो?

आपला कायदा ह्या बाबतीत मुका नाही. २०१६ च्या कायद्याने सरकारी आस्थापनांत निदान ४ टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. खाजगी आस्थापनांवर आरक्षणाची सक्ती नाही, पण प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करावे असे बंधन आहे. वीस किंवा अधिक नोकर असतील तर कोणती पदे योग्य, निवड कशी होते, सोयी कोणत्या, हे त्यात लिहावे लागते. आणि ते शक्यतो संकेतस्थळावर, नाही तर दर्शनी जागी लावावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी, लिहिताना हात आखडणाऱ्या एका परीक्षार्थीला लेखनिक मिळण्याचा हक्क मान्य करताना सांगितले की, वाजवी सोय हा समतेचाच भाग आहे. ३ मार्च २०२५ रोजी त्याच न्यायालयाने अंधांना न्यायाधीशाच्या पदाबाहेर ठेवणारा मध्य प्रदेशचा नियम रद्द केला.

कोणी म्हणेल, इतके सगळे लिहायचे तर जाहिरात पुराणाएवढी होईल. तसे नाही. पुढचा मजकूर पाहा: 'काम: रोजकीर्द ठेवणे, आठवड्यातून दोनदा बँकेत जाणे. कार्यालय तळमजल्यावर, दाराशी उतार आहे, स्वच्छतागृह चाकाच्या खुर्चीसाठी सोयीचे आहे. लेखनिक, दुभाषी किंवा अन्य सोय हवी असल्यास अमुक व्यक्तीला संदेशाने वा पत्राने कळवावे. त्या माहितीचा निवडीशी संबंध राहणार नाही.' चार वाक्ये झाली. ह्यात गौरव नाही, दया नाही आणि पात्रतेत सवलतही नाही. जे आहे ते सांगितले आहे. उतार नसेल तर 'तीन पायऱ्या आहेत, मदतीला माणूस मिळेल' असे लिहावे. खऱ्या पायऱ्या सांगणाऱ्यावर माणूस विश्वास ठेवतो.

श्रोत्यांत कारखानदार असतील, शाळांचे चालक असतील, सहकारी बँकांचे संचालक असतील. त्यांना एवढीच विनंती की, पुढची जाहिरात छापण्यापूर्वी ती एका अंध, एका कर्णबधिर आणि एका चाकाच्या खुर्चीतल्या परिचिताला द्यावी आणि 'हे वाचून तुम्ही अर्ज कराल काय?' असे विचारावे. 'नाही' असे उत्तर आले तर कोणत्या शब्दामुळे ते आले हेही विचारावे आणि तो शब्द बदलावा. असा परिचित आपल्याला कोणीच नसेल, तर त्याला शोधण्यापासून सुरुवात करावी.