स्थिरचित्रांच्या रंगदुरुस्तीतील व्हिडिओ स्कोप

व्हिडिओ स्कोप म्हणजे चित्रातील प्रकाश व रंग यांचे मापन आलेखाच्या रूपाने दाखवणारे साधन होय. मूळचे दूरचित्रवाणी प्रक्षेपणातील हे उपकरण आता संगणकप्रणालीचा भाग झाले असून स्थिर छायाचित्रांच्या रंगदुरुस्तीसाठीही वापरले जाते. डार्कटेबल व ॲफिनिटी फोटो या छायाचित्रप्रणालींत, तसेच दाविंची रिझॉल्व्ह या चित्रफीत संपादनप्रणालीत असे स्कोप उपलब्ध आहेत.

आवश्यकता

मानवी डोळा सभोवतालच्या प्रकाशाशी जुळवून घेतो. पिवळ्या दिव्याखाली काही वेळ काम केल्यावर पिवळसर कागदही पांढरा भासू लागतो. पडद्याची उजळता बदलली की तेच छायाचित्र निराळे दिसते. स्कोप मात्र पडदा न पाहता चित्रातील अंकीय मूल्ये मोजतो.

प्रकार

* *हिस्टोग्राम* : कोणत्या उजळतेचे किती बिंदू आहेत हे दाखवतो, ते चित्रात कोठे आहेत हे दाखवत नाही.
* *वेव्हफॉर्म* : आडव्या अक्षावर चित्रातील डावे-उजवे स्थान, तर उभ्या अक्षावर उजळता असते. तळाशी काळा व शिखराशी पांढरा रंग येतो.
* *आरजीबी परेड* : लाल, हिरव्या व निळ्या घटकांचे वेव्हफॉर्म शेजारीशेजारी मांडते. करड्या किंवा पांढऱ्या वस्तूची उंची तिन्हींत समान असावी लागते.
* *व्हेक्टरस्कोप* : वर्तुळाकार आलेख. केंद्रापासूनची दिशा रंगछटा, तर अंतर रंगाची गडदता दर्शवते. लाल व पिवळा यांच्या दरम्यान त्वचावर्णाची रेषा असते.

उदाहरणे

गुढीपाडव्याच्या नववर्ष स्वागतयात्रेची प्रथा डोंबिवलीत १९९९ मध्ये सुरू झाली व पुढे ठाणे, कल्याणसह अन्य शहरांत पसरली. या यात्रांच्या छायाचित्रांत भगवे फेटे मोठ्या प्रमाणावर असतात. भर उन्हात परेडमधील लाल आलेख शिखराला टेकून सपाट होतो आणि फेट्याच्या चुण्या नाहीशा होऊन केवळ भगवा पट्टा उरतो. अशा वेळी प्रथम एकूण उजळता व नंतर भगव्या रंगाची गडदता कमी केली जाते. रंगाचा झाक तपासण्यासाठी एखाद्याचा पांढरा झब्बा उपयोगी पडतो. त्या जागी निळा आलेख उंच असल्यास चित्रावर निळसर झाक आहे असे समजावे.

भगव्या रंगाची दिशा त्वचावर्णाच्या रेषेजवळच येते. त्यामुळे संपूर्ण चित्राचा व्हेक्टरस्कोप पाहिल्यास फेट्यांमुळे चेहऱ्यांचा रंग योग्य असल्याचा भास होऊ शकतो. म्हणून केवळ चेहऱ्याचा भाग निवडून मापन करणे योग्य ठरते.

ठाणे खाडीतील फ्लेमिंगोंच्या छायाचित्रांत वेगळा प्रश्न उद्भवतो. या खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला, तर २०२२ मध्ये त्यास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. सकाळच्या धुरकटपणामुळे वेव्हफॉर्मचा तळ शून्यापासून वर उचललेला दिसतो. तो ओढून शून्यावर आणल्यास चित्र उठावदार होते, परंतु प्रत्यक्षात असलेले धुके पुसले जाते. गुलाबी रंग वाढवल्यास फिकट पक्षीही गडद दिसतो. नोंद म्हणून घेतलेल्या छायाचित्रात ही चूक गंभीर ठरते.

त्वचेचा रंग

गोऱ्या व सावळ्या व्यक्तींच्या त्वचेची छटा साधारणपणे एकाच रेषेच्या आसपास येते. फरक मुख्यतः उजळतेत व गडदतेत असतो. यामुळेच सावळा चेहरा उजळ केला तरी व्हेक्टरस्कोपवरील दिशा फारशी बदलत नाही आणि दुरुस्ती निर्दोष वाटते. हा बदल वेव्हफॉर्मवर चेहऱ्याची उंची मूळ चित्राशी ताडून पाहिल्यास लक्षात येतो. विसाव्या शतकात कोडॅक कंपनीची रंगछपाईची 'शर्ली कार्डे' दीर्घकाळ गोऱ्या स्त्रियांच्या छायाचित्रांवर आधारित होती. त्यामुळे गडद त्वचेला योग्य न्याय मिळत नसे.

मर्यादा

स्कोप मूल्य सांगतो, प्रसंग सांगत नाही. लग्नातील हळदीच्या विधीत चेहरा खरोखरच पिवळा झालेला असतो. तो त्वचावर्णाच्या रेषेवर आणल्यास हळदच नाहीशी होते. दिवेलागणीच्या वेळी तलावपाळीवर काढलेल्या चित्रातील उबदार प्रकाशाबाबतही हेच लागू होते. म्हणून स्कोपचे वाचन आणि प्रत्यक्ष दृश्याची माहिती यांची सांगड घालूनच अंतिम निर्णय घेतला जातो. छपाईसाठी पडद्याचे व मुद्रकाचे प्रमाणीकरण स्वतंत्रपणे करावे लागते.